पाचवा सामना

टेबल टेनिसचा आंतरराष्ट्रीय सामना सुरू होण्याआधी एक छोटासा विधी होतो, आणि प्रेक्षक बहुधा त्याकडे लक्ष देत नाहीत. दोन्ही खेळाडू आपापली बॅट एकमेकींच्या हाती देतात. समोरच्या बॅटला कोणते रबर लावले आहे हे पाहण्याचा हक्क नियमानेच दिलेला आहे. कोणी बॅट नुसती उलटीसुलटी करून परत देते, कोणी रबरावरून अंगठा फिरवून पाहते. १६ फेब्रुवारी २०२४ रोजी दक्षिण कोरियातल्या बुसान शहरात जागतिक सांघिक स्पर्धेच्या गटसाखळीत भारत आणि चीन यांच्या महिला संघांची गाठ पडली. त्या दिवशी ऐहिका मुखर्जीची बॅटही अशीच सुन यिंगशाच्या हाती गेली असणार. सुन जगात पहिल्या क्रमांकावर होती, ऐहिका एकशे पंचावन्नाव्या. ऐहिकाच्या बॅटच्या बॅकहँडच्या बाजूला काय आहे, हे कोणापासूनही लपलेले नव्हते. पण पुढचे चार गेम त्या माहितीचा सुन यिंगशाला फारसा उपयोग झाला नाही.

हा सामना मी निकाल कळल्यानंतर रेकॉर्डिंगवर पाहिला. पाच सामन्यांच्या या लढतीत भारत २-३ असा हरला आहे, पण सुन यिंगशा आणि वांग यिदी, म्हणजे क्रमवारीतली पहिली आणि दुसरी खेळाडू, या दोघींना भारतीय मुलींनी नमवले आहे, एवढे ठाऊक होते. निकाल माहीत असताना खेळ पाहण्याचा एक फायदा असा, की धाकधूक नसल्यामुळे डोळे गुणफलकाऐवजी हातांकडे आणि चेंडूकडे राहतात. सुनविरुद्धचा पहिला गेम ऐहिकाने १२-१० असा घेतला. दुसऱ्यात सुनने तिला २-११ असे धुऊन काढले, आणि इथे कोणीही म्हणाले असते की झाले, नवलाई संपली, आता सामना सरळ होईल. तिसरा गेम १३-११. चौथा ११-६. त्या चौथ्या गेममध्ये जगातली सर्वांत भरवशाची खेळाडू स्वतःच्याच फटक्यांवर विश्वास नसल्यासारखी खेळत होती, आणि ते पाहताना आनंदापेक्षा आधी मला एक जुनी ओळख पटल्यासारखे वाटले.

ती ओळख त्या रबराची होती. त्याला 'अँटीस्पिन' म्हणतात; खेळणाऱ्यांच्या तोंडी नुसते 'अँटी'. साध्या रबराचा पृष्ठभाग चिकट असतो, तो चेंडूला पकडतो आणि फिरकी देतो. अँटीचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो आणि आतला स्पंजही मेल्यासारखा असतो, त्यामुळे चेंडूची गती तिथे जिरते, पण त्याची फिरकी मात्र जवळपास तशीच राहते. चेंडू स्वतःभोवती ज्या दिशेने फिरत आला त्याच दिशेने फिरत परत जातो. त्याच्या प्रवासाची दिशा तेवढी उलटलेली असते. म्हणजे समोरून सणसणीत टॉपस्पिन, म्हणजे पुढच्या दिशेने फिरणारा चेंडू, आला, तर तो परत जाताना बॅकस्पिन, म्हणजे मागच्या दिशेने फिरणारा, होऊन जातो, आणि जितका जोर समोरचीने लावला असेल तितकाच तिच्या अंगाशी येतो. तिची अवघी कारकीर्द ज्या फटक्यावर उभी आहे तोच फटका तिने आणखी जोरात मारला, की पुढचा चेंडू आणखी खाली बसतो आणि जाळ्यात जातो. खरी मेख पुढे आहे. ऐहिका सगळेच चेंडू अँटीवर घेत नाही. तिच्या फोरहँडला साधे, फिरकी देणारे रबर आहे. एक चेंडू निर्जीव येतो आणि दुसरा उसळून अंगावर येतो, त्यामुळे समोरचीला प्रत्येक चेंडूला नव्याने विचार करावा लागतो. या खेळात विचार करायला वेळ नसतो.

आमच्या कॉलेजच्या दिवसांत जिमखान्यात संध्याकाळी एक काका खेळायला येत. ते बँकेत नोकरीला होते. पोट थोडे सुटलेले, पायांत साधे कॅनव्हासचे बूट, आणि बॅटला एका बाजूने अँटी. आम्ही मुलीमुले टॉपस्पिन नुकतेच शिकलो होतो आणि त्याच्या मस्तीत होतो. काका टेबलाजवळून हलतसुद्धा नसत. चेंडूपुढे बॅट नुसती धरत, आणि आमचे फटके एकामागून एक जाळ्यात. रॅली चालू असताना बोटांत बॅट फिरवून ते बाजू बदलत, हे कळायलाच मला आठवडा लागला. त्यानंतर कधीतरी उमगले की त्यांना जोर द्यायचाच नाही. फिरकी नसलेला रिकामा, संथ चेंडू अँटीवर टाकायचा. तो तसाच रिकामा परत येतो, आणि मग मारायचा. ज्या दिवशी मी त्यांच्याकडून पहिला गेम घेतला त्या दिवशी काका खुशीत हसले आणि म्हणाले, "चला, आता खेळायला मजा येईल." पुढचे दोन्ही गेम त्यांनीच जिंकले. गुपित फुटल्यावरही ते जिंकू शकत होते, याचे मला तेव्हा आश्चर्य वाटले आणि थोडा रागही आला.

अशा रबरांविषयी आपल्याकडे एक छुपी अढी आहे. 'ते काय, रबराच्या जिवावर खेळतात,' हे वाक्य मी कितीतरी प्रशिक्षकांच्या आणि पालकांच्या तोंडून ऐकले आहे. पण टेबल टेनिसचा इतिहासच रबराचा इतिहास आहे, आणि त्याचे एक मोठे पान मुंबईत लिहिले गेले. १९५२ च्या फेब्रुवारीत जागतिक अजिंक्यपद स्पर्धा पहिल्यांदाच आशियात भरली, ती मुंबईला. जपान या स्पर्धेत प्रथमच उतरला होता. त्यांच्या संघात हिरोजी सातो नावाचा, चष्मा लावणारा, अंगाने किरकोळ खेळाडू होता आणि त्याच्या बॅटला जाड स्पंज चिकटवलेला होता. तोवरचे खेळाडू खडबडीत रबराच्या बॅटवर चेंडू आपटल्याचा टक्-टक् आवाज ऐकत खेळायचे. त्या आवाजावरून फटक्याचा जोर त्यांना कळायचा. सातोच्या बॅटमधून आवाजच येत नसे. युरोपातले कसलेले खेळाडू त्या शांततेपुढे गांगरले आणि सातो हंगेरीच्या योझेफ कोत्सियानला अंतिम सामन्यात हरवून जगज्जेता झाला. त्याने पुन्हा जागतिक एकेरीचे विजेतेपद कधीच मिळवले नाही, हे त्याला नावे ठेवणारे आवर्जून सांगतात. पण त्याच्या स्पंजाने खेळ कायमचा बदलला. १९५९ मध्ये बॅटच्या आवरणाच्या जाडीला मर्यादा घालणारा नियम आला आणि उघडा स्पंज बाद झाला. स्पंजावर रबर बसवलेले जे आवरण मान्य झाले, तेच थोड्याफार फरकाने आज सगळे वापरतात.

अँटीचीही गोष्ट अशीच आहे, आणि तिच्यात चीनच मुख्य पात्र आहे. १९८० च्या सुमारास त्साय झेनहुआसारखे चिनी खेळाडू बॅटच्या एका बाजूला साधे रबर आणि दुसऱ्या बाजूला अँटी लावून, दोन्ही एकाच रंगाची ठेवून खेळत. बॅट फिरवली की समोरच्याला काही कळायचे नाही. चेंडू लागतानाच्या आवाजावरून कोणी ओळखेल म्हणून सर्व्हिस करताना पाय जोरात आपटायचीही युक्ती होती. शेवटी आंतरराष्ट्रीय टेबल टेनिस महासंघाला दोन बाजूंना दोन वेगळे रंग सक्तीचे करावे लागले. १९८६ पासून एक बाजू लाल आणि एक काळी असा दंडक झाला. हा त्साय झेनहुआ पुढे चीनचा मुख्य प्रशिक्षक झाला. त्यामुळे बुसानमध्ये चीनला 'विचित्र रबराने' फसवले अशी हळहळ कोणी केली असेल, तर तिच्यात फार दम नाही. रंग उघड, बॅट आधी हातात घेऊन पाहिलेली, आणि ते शस्त्र एकेकाळी त्यांच्याच भात्यातले.

ऐहिका पश्चिम बंगालमधल्या नैहाटीची. तिची दुहेरीतली जोडीदार सुतीर्था मुखर्जीही त्याच गावची, आणि दोघी बहिणी नाहीत हे दर वेळी सांगावे लागते. या जोडीने २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत उपांत्यपूर्व फेरीत चेन मेंग आणि वांग यिदी या विश्वविजेत्या जोडीला चीनमध्येच हरवले आणि ब्राँझ मिळवले. महिला दुहेरीतले भारताचे आशियाई क्रीडा स्पर्धेतले ते पहिलेच पदक होते. म्हणजे बुसानच्या चारपाच महिने आधी धोक्याची घंटा वाजली होती. तरी जागतिक सांघिक स्पर्धेत दुहेरी नसते. तिथे पाचही सामने एकेरीचे असतात: तीन खेळाडू, पहिले तीन सामने प्रत्येकीचा एक, आणि लढत लांबलीच तर पहिल्या दोघी पुन्हा उतरतात, या वेळी प्रतिस्पर्धी अदलाबदल करून. राष्ट्रकुल आणि ऑलिंपिक स्पर्धांत मात्र तेव्हा सांघिक लढतीत दुहेरीचा एक सामना असे. २०१८ मध्ये गोल्ड कोस्टला भारतीय महिलांनी सिंगापूरला हरवून सुवर्ण मिळवले, तेव्हा आपल्या ठाण्याच्या मधुरिका पाटकरने मौमा दासबरोबर अंतिम फेरीतला दुहेरीचाच सामना जिंकला होता. स्वरूप असे बदलले की संघाची ताकदही बदलते, आणि वर्तमानपत्रातल्या दोन ओळींच्या निकालात हे कधीच येत नाही.

पुन्हा बुसानकडे. दुसऱ्या सामन्यात मनिका बत्रा हरली. तिसऱ्यात श्रीजा अकुला वांग यिदीसमोर उभी राहिली आणि तिने ११-७, ११-९, १३-११ असे सरळ तीन गेम घेतले. श्रीजाचे क्रमवारीतले स्थान तेव्हा एकोणपन्नास होते. ऐहिकाच्या विजयाची सगळीकडे चर्चा झाली, कारण त्यात जादूचा भास होता. मला स्वतःला श्रीजाचा विजय जास्त मोलाचा वाटतो. तिसऱ्या गेममध्ये अकरा-अकरानंतर तिने जे दोन गुण घेतले, त्यांत मागे सरकणे नव्हते, चेंडू कसाबसा टेबलावर ठेवणेही नव्हते. ती पुढे येऊन मारत होती. भारतीय खेळाडू चिनी खेळाडूपुढे अशा वेळी बहुधा हात आखडता घेतात, हे आम्ही वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत. तिने घेतला नाही.

भारत २-१. विजयाला एक सामना उरला होता.

आणि मग हातातोंडाशी आलेला घास गेला. चौथ्या सामन्यात मनिकासमोर सुन यिंगशा होती. मनिकाच्या बॅकहँडला लाँग पिंपल्स, म्हणजे लांब काट्यांचे रबर. तेही फिरकी उलटवणारे, पण अँटीपेक्षा निराळ्या तऱ्हेने. पण सुन आता पहिल्या सामन्यातली सुन नव्हती. नुकताच पराभव खाऊन ती आली होती आणि तिने जोर आवरला होता. रिकामे चेंडू, मग एक अचूक घाव. जिमखान्यात मला कळायला कितीतरी दिवस लागले ते तिने एका सामन्यात ओळखले, आणि म्हणूनच ती पहिल्या क्रमांकावर होती. मनिका सरळ तीन गेममध्ये हरली. २-२. पाचव्या सामन्याला पुन्हा ऐहिका. या वेळी समोरच्या खेळाडूने बाकावर बसून ऐहिकाचा पहिला सामना पाहिलेला होता. ऐहिका सरळ तीन गेममध्ये हरली.

इथे मला रेकॉर्डिंग थांबवावेसे वाटले, तरी मी थांबवले नाही. पाचव्या सामन्यात ऐहिका वाईट खेळली असे मला म्हणवत नाही. चेंडू तेच होते, हातही तेच. फक्त समोर गोंधळ नव्हता. चीनच्या सरावशिबिरात परदेशी खेळाडूंच्या शैलीची हुबेहूब नक्कल करण्यासाठी खास खेळाडू ठेवतात, हे सर्वश्रुत आहे. इथे तर तेवढीही गरज पडली नाही, सहकारिणीचा पराभव हाच सराव झाला. सांघिक लढत पाच सामन्यांची असल्याचा हा परिणाम आहे. आश्चर्यावर एक सामना निघतो, चांगल्या दिवशी दोन निघतात. तिसरा निघायचा तर नवल ओसरल्यानंतरही उरेल असा खेळ लागतो.

दुसऱ्या दिवशी 'हरूनही मने जिंकली' अशा अर्थाचे बरेच काही वाचले. मला अशा वाक्यांचा कंटाळा आहे. १९७८ मध्ये इंदू पुरीने उत्तर कोरियाच्या पाक युंग सून या जगज्जेत्या खेळाडूला हरवले होते. त्यानंतरची कित्येक दशके भारतीय महिला टेबल टेनिसचे कौतुक करायचे म्हटले की तोच एक विजय काढून दाखवला जायचा, फडताळातल्या चांदीच्या भांड्यासारखा. बुसानचेही तसेच होईल, अशी मला भीती होती. चीनला हरवणे अशक्य आहे, असे मात्र नाही. २०१० मध्ये मॉस्कोला सिंगापूरच्या महिलांनी जागतिक सांघिक अंतिम फेरीत चीनला ३-१ असे हरवले आहे. बुसानमध्येही अंतिम फेरीत जपानने चीनला पाचव्या सामन्यापर्यंत खेचले आणि २-३ असे हरले. त्या अर्थाने भारताची गटातली लढत अंतिम फेरीच्या तोलाची होती, पण गुणतक्त्यात तिची नोंद एक पराभव एवढीच.

उलट त्याच गटातल्या एका लढतीकडे कोणाचे फारसे लक्ष गेले नाही. स्पेनविरुद्ध भारत ०-२ असा मागे होता, आणि तिथून तिन्ही सामने जिंकून ३-२ ने जिंकला. ऐहिकाने तिसरा, मनिकाने चौथा आणि पहिला सामना हरलेल्या श्रीजाने पाचवा घेतला. स्पेन हे काही चीन नव्हे, मान्य. पण दोन सामने गेल्यावर, बाकावरच्या चेहऱ्यांवर काय असते ते ज्याने संघातून कधी खेळले आहे त्याला ठाऊक असते. पुढे बाद फेरीत इटलीला हरवून संघ उपउपांत्यपूर्व फेरीत चिनी तैपेईकडून १-३ असा हरला. मार्चमध्ये सांघिक क्रमवारीच्या जोरावर भारताचे पुरुष आणि महिला असे दोन्ही संघ पॅरिस ऑलिंपिकला पात्र ठरले. ऑलिंपिकच्या सांघिक प्रकारात भारत त्यापूर्वी कधी खेळलाच नव्हता.

पॅरिसच्या संघात मनिका, श्रीजा आणि अर्चना कामत होत्या. ऐहिका राखीव. सुन यिंगशाला हरवणारी मुलगी बाकावर, म्हणून बरीच आदळआपट झाली. निवडीमागे कारणे असतील, दुहेरीची जोडी हेही एक असेल. त्या वादात मला शिरायचे नाही. एवढे खरे, की रुमानियाविरुद्ध श्रीजा-अर्चना यांनी दुहेरी जिंकून सुरुवात केली, भारत २-० ने पुढे गेला, मग २-२ झाले, आणि पाचव्या सामन्यात मनिकाने आदिना दियाकोनूला सरळ तीन गेममध्ये हरवले. बुसानमध्ये चीनविरुद्धचे दोन्ही सामने गमावलेली मनिका त्या दिवशी घाई न करता खेळली. उपांत्यपूर्व फेरीत जर्मनीने भारताला १-३ असे थांबवले.

ऑक्टोबर २०२४ मध्ये कझाकस्तानातल्या अस्तानाला आशियाई अजिंक्यपद स्पर्धा झाली. उपांत्यपूर्व फेरीत समोर दक्षिण कोरिया, पॅरिसचा ब्राँझविजेता संघ. ऐहिका संघात परतली होती. पहिल्या सामन्यात तिने जगात आठव्या क्रमांकावर असलेल्या शिन यूबिनला पाच गेममध्ये हरवले. मनिकाने दुसरा सामना जिंकला. तिसरा श्रीजा हरली. चौथा मनिका पाचव्या गेममध्ये १०-१२ असा हरली. पुन्हा २-२, आणि पुन्हा पाचव्या सामन्याला ऐहिका. बुसानमध्ये ती ज्या जागी उभी होती नेमकी तीच जागा, आणि समोर जिऑन जिही, अनुभवी डावखुरी खेळाडू. एव्हाना ऐहिकाच्या अँटीचे गुपित आशियाभर फुटलेले होते, आणि सकाळपासूनचा खेळ कोरियाच्या बाकाने पाहिलेला होता.

पहिला गेम ७-११ असा गेला. दुसरा ऐहिकाने ११-६ ने घेतला. पुढचे दोन गेम पाहताना मला जिमखान्यातले काका आठवले, आणि तेव्हा ज्याचा राग आला होता ते समजलेही. जिही अँटीवर रिकामे चेंडू टाकत होती, जे करायला हवे तेच करत होती. ऐहिका त्या रिकाम्या चेंडूंची वाटच पाहत असल्यासारखी एक पाऊल सरकून फोरहँडने मारत होती, आणि मारता येणार नाही असा चेंडू आला तर निमूटपणे टेबलावर ठेवत होती. तिसरा गेम १२-१०. चौथाही १२-१०. आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत भारतीय महिला संघाचे ते पहिले सांघिक पदक. उपांत्य फेरीत हरणाऱ्या दोन्ही संघांना ब्राँझ मिळते, त्यामुळे पदक त्याच क्षणी नक्की झाले.

उपांत्य फेरीत जपानने भारताला ३-१ असे हरवले. पाचव्या सामन्याची वेळ त्या दिवशी आलीच नाही.